एक ब्रास माती

घासाघीस करणं हा माझा स्वभाव आहे. आमच्या घरात त्याला 'चिकटपणा' असा सुटसुटीत शब्द आहे. भाजीवाली कोथिंबिरीची जुडी दहाला म्हणाली की माझ्या तोंडून 'आठ' आपोआप बाहेर पडतं. त्यात दोन रुपयांचा लोभ नसतो. पहिल्या किमतीला मान डोलावली तर आपण अगदीच हे ठरू, अशी एक धास्ती असते आणि ती मला बाळकडूतून मिळाली आहे. एकदा डॉक्टर म्हणाले, "ब्लडप्रेशर दीडशे आहे," तर मी "एकशे चाळीस करा" म्हणालो, असं सौ. चारचौघांत सांगते. हे साफ खोटं आहे. मी एकशे पंचेचाळीस म्हणालो होतो.

तर असा मी काही वर्षांपूर्वी माती विकत घ्यायला निघालो.

माती विकत घ्यायची असते, हे आमच्या वडिलांना पटवून देता आलं नसतं. त्यांच्या पिढीत माती ही फुकट मिळणारी आणि पायाला लागली तर धुऊन टाकायची वस्तू होती. आपल्या भाषेनंसुद्धा मातीची पुष्कळ बेअब्रू करून ठेवली आहे. काम बिघडवलं की 'माती केली'. भाव पडला की 'मातीमोल'. पैसे बुडाले की 'मातीत गेले'. कोणाच्या ताटात कालवायचं झालं तर आपण मातीच कालवतो, आणि माणूस गेला की त्याच्या 'मातीला' जातो. दगडाचं तसं नाही. परीक्षेत नापास होणाऱ्या मुलाला मास्तर 'दगड' म्हणत असतील, पण त्याच दगडाला शेंदूर फासला की मास्तरच आधी हात जोडतात. आपले किल्ले दगडाचे, देव दगडाचे, आणि आपला बाणासुद्धा दगडाचाच : मोडेन पण वाकणार नाही! हे वाक्य मी लहानपणी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. पुढे नोकरीत पस्तीस वर्षं न मोडता वाकून काढली, ती गोष्ट निराळी.

मातीची गरज मला पडली ती दिघीमुळे. १९८६ साली मी इथे प्लॉट घेतला तेव्हा दिघी हे खरोखरीचं गाव होतं. पिंपरी-चिंचवड महापालिकेत ते आलं १९९७ साली. पत्ता सांगायचा तर एका अंगाला भोसरी, दुसऱ्या अंगाला आळंदी आणि उरलेल्या अंगांना लष्कर. प्लॉट दाखवणारा म्हणाला होता, "साहेब, पायाचा खर्चच नाही. हातभर खणलं की खडक." मी खूष झालो. पायाचा खर्च वाचला म्हणून त्याच्याकडून पेढेसुद्धा घेतले. घर झालं, सौ.ला बागेची हौस आली आणि त्या खडकाची दुसरी बाजू कळली. पहिले चार बोटं माती, मग मुरूम, आणि मुरमाखाली जे काही होतं त्यावर पहार आपटली की ठिणगी उडे. जास्वंदीनं तीन वर्षांत तीन फुलं दिली. गणपतीला वर्षाला एक. गुलाबांनी तेवढाही शिष्टाचार पाळला नाही. शेवटी बागेत कण्हेर, घाणेरी आणि सौ.चे टोमणे एवढंच फुलत राहिलं.

म्हणून एका ठेकेदाराला फोन केला. त्यानं, चहा की कॉफी विचारावं तसं विचारलं, "लाल पाहिजे की काळी?" मी काळी म्हटलं. "किती ब्रास?" ब्रास म्हणजे १०० घनफूट. खडी, वाळू, मुरूम, माती सगळं ह्याच मापानं विकतात. एक ब्रास म्हणजे अदमासे एक ट्रॉली. भाव निघाला २५०० रुपये. मी दोन हजारांपासून सुरुवात केली. तीन दिवस, पाच फोन. शेवटी २३०० ला तुटलं. दोनशे रुपये वाचवल्याच्या आनंदात मी सौ.ला बटाटेवडे आणले. वड्यांचे ऐंशी झाले.

रविवारी सकाळी ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरशेजारी मडगार्डवर एक म्हातारबाबा बसले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, पायांत नव्या कोऱ्या वहाणा. मला वाटलं हमाल असतील, पण ते उतरले आणि हात पाठीमागे बांधून घराभोवती एक चक्कर मारून आले. बाग बघितली, नळ बघितला, सूर्य कुठून येतो ते बघितलं.

मी म्हटलं, "काय बघताय मामा?"

"काय न्हाई," ते म्हणाले, "माती कुठं पडती ते बघावं म्हनलं. माझ्या वावरातली हाय."

वावर चाकणच्या पलीकडे होतं. आता तिथे कारखान्याची शेड उठत होती. मामांची परिस्थिती मात्र केविलवाणी वगैरे नव्हती. पैसे बरे मिळाले होते, दुमजली घर झालं होतं, मुलाच्या दारात माझ्या मुलाच्या गाडीपेक्षा मोठी गाडी होती. आता जमीन द्यायची म्हटल्यावर माती जाणारच. पण ती अशी ट्रॉलीत बसून परगावी जाईल, हे त्यांच्या डोक्यात नव्हतं. ड्रायव्हरनं खुलासा केला : काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, तिच्यावर फरशी घातली की फरशी तडकते. म्हणून पायाखालची काळी माती उपसून टाकतात आणि तिथे मुरूम भरून दाबतात. म्हणजे बघा, माझ्याकडे मुरूम होता आणि मला माती हवी होती. त्यांच्याकडे माती होती आणि त्यांना मुरूम हवा होता. ठेकेदार दोघांकडून पैसे घेत होता. मामांना मातीचे म्हणून वेगळे काहीच मिळाले नव्हते.

ट्रॉली उलटी झाली. मामा वाकले, मूठभर माती उचलून दाबली, बोटांनी मोडली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चिकाट हाय. पानी बेतानं घाला. शेणखत मिसळा, तुमचा ह्यो मुरूम बी थोडा मिसळा, म्हंजी तुंबायची न्हाई. बाजरी निघायची ह्यात. कांदा निघायचा."

मी म्हटलं, "मामा, एवढ्या लांब यायची तसदी कशाला घेतलीत?"

ते हसले. "लेक नांदायला धाडतो तवा घर बगून येतोच की आपन."

त्यांनी चहा घेतला आणि ते मडगार्डवर बसून गेले. मी ढिगाऱ्यापाशी उभा राहिलो. मुलीचा बाप घर बघून गेला होता, आणि मी तीन दिवस पाच फोन करून वरदक्षिणेची घासाघीस केली होती.

तरीही हे प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं, कारण मध्यमवर्गीय माणसाची टोचणी दुपारच्या झोपेपर्यंतच टिकते. पण आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कंपूत दोन गृहस्थ आहेत. एक निवृत्त भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आणि दुसरे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. आम्ही तिघं दत्तगडावर जातो. प्राध्यापक दर वीस पावलांवर थांबतात. आम्ही समजतो त्यांना दम लागला. ते समजतात आम्हाला दगड दाखवायची संधी आली. सुभेदारांची हयात लष्करासाठी रस्ते करण्यात गेली. दगड हा त्यांच्या मते सुरुंग लावण्यासाठी जन्माला येतो.

त्या सोमवारी मी मातीची गोष्ट काढली. प्राध्यापकांनी मला हाताला धरून रस्त्याच्या कापापाशी नेलं. मुरमाच्या भिंतीत ठिकठिकाणी गोल गोल दगड बसलेले, आणि प्रत्येकाभोवती कांद्यासारखे पापुद्रे. नखानं ओढला की पापुद्रा सुटून हातात येत होता.

"हा मूळचा चौकोनी," प्राध्यापक म्हणाले. "बेसॉल्ट थंड होताना त्याला उभ्या-आडव्या चिरा पडतात. त्या चिरांत पाणी शिरतं. सपाट अंगावर पाण्याचा हल्ला एका बाजूनं, कडेवर दोन बाजूंनी, कोपऱ्यावर तीन बाजूंनी. त्यामुळे कोपरे आधी जातात. शेवटी चौकोनाचा गोळा होतो."

"लग्नात असंच होतं," मी म्हटलं. त्यांनी लक्ष दिलं नाही.

पुढे त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपला सगळा देश म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उतू गेलेला लाव्हा आहे. एक थर आला, निवला, त्यावर दुसरा. आजसुद्धा पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास त्याचा पसारा आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. हा एवढा काळा, कडक, राकट दगड फोडतो कोण? तर पाऊस. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि त्याचं अगदी फिकं सोडावॉटर होतं. पुण्याकडे वर्षाला सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर पाऊस. म्हणजे दगडाला पावसाळ्यात थोडं सोडावॉटर पाजायचं, उन्हाळ्यात तापवायचं, हिवाळ्यात गारठवायचं, आणि हे घाई न करता करत राहायचं. दगडातलं लोखंड गंजतं, म्हणून मुरूम तांबूस. त्यातलं फेल्स्पार नावाचं खनिज पाण्याशी संगनमत करून चिकणमाती होतं. सगळ्यांत आधी कोण विरतं म्हणाल, तर ऑलिव्हीन, म्हणजे जे सगळ्यांत कडक तापात जन्माला आलं ते. तापट माणसं आधी विरघळतात, हा अनुभव मी आमच्या एका साहेबांच्या बाबतीत घेतला आहे. वाळूचे कण ज्याचे होतात तो क्वार्ट्झ आपल्या बेसॉल्टमध्ये जवळजवळ नसतोच. त्यामुळे शेवटी उरते ती चिकणमाती; म्हणूनच आपली काळी माती एवढी चिकट.

"आणि हे?" मी खडकावरच्या करड्या-पांढऱ्या खपल्यांकडे बोट दाखवलं.

"दगडफुलाचे भाऊबंद. बुरशी आणि शेवाळ ह्यांचा एकत्र संसार. आम्ल सोडून दगड पोखरतात."

हे मी घरी येऊन सांगितलं. सौ. गोड्या मसाल्याचं साहित्य निवडत होती. तिनं हातातलं दगडफूल डोळ्यांसमोर धरून बघितलं. "म्हणजे डोंगर पोखरणारी वस्तू आम्ही आमटीत घालतो?"

मी म्हटलं, "तरीच तुझ्या आमटीपुढे माझा विरोध टिकत नाही."

दुसऱ्या दिवशी गडावर सुभेदारांनी तोंड उघडलं. त्यांना ह्या पावसाच्या कौतुकाचा राग आला होता. "लाखो वर्षं कशाला पाहिजेत? आम्ही सकाळी सुरुंग भरायचो, दुपारी डोंगर सपाट. मोशीच्या दगडखाणींत जाऊन बघा. क्रशरमध्ये एका बाजूनं दगड घाला, दुसऱ्या बाजूनं पीठ."

प्राध्यापक म्हणाले, "सुभेदार, डोंगर फोडलात हे कबूल. पण त्याची माती केलीत का?"

"म्हणजे?"

"खडी केलीत. खडी म्हणजे लहान दगड. त्याहून बारीक केलीत तर दगडाची भुकटी. कितीही बारीक करा, आत तो दगडच असतो. माती होण्यासाठी नुसतं फुटून चालत नाही. आतून बदलावं लागतं. ते सुरुंगाला जमत नाही. पाण्याला जमतं."

सुभेदार गप्प झाले. मीही झालो. कारण दगडाचं राहू द्या, ही गोष्ट मला माणसांना लागू पडताना दिसायला लागली. आयुष्यात फुटलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. कोणाचा धंदा बसला, कोणाचं माणूस गेलं, कोणाला बढती डावलली गेली. त्यांतली काही फुटली आणि खडी झाली. आकार लहान, धार जास्त. त्यांच्याजवळून जावं तर पायाला लागतात. आणि काही थोडी अशी की फुटल्यावर त्यांत पाणी शिरलं, ती आतून हळूहळू बदलली, आणि पुढे त्यांच्याजवळ कोणीतरी उगवलं. आघात दोघांवर सारखाच. आपण मात्र 'मोडेन पण वाकणार नाही' म्हणत हयात काढतो आणि मोडलो तर काय होणार आहोत, खडी की माती, हा पुढचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहीत नाही.

मुरूम हा शब्द 'मुरणे'वरून आला असावा, असं मी ह्यावर मोठ्या ऐटीत म्हणालो. प्राध्यापक म्हणाले, व्युत्पत्ती बहुधा चुकीची आहे. असेल. लोणचं मुरावं तसा दगड मुरतो, एवढं मला पुरे आहे.

मात्र मुरण्यालाही बेत लागतो. मी उत्साहात म्हणालो, "म्हणजे जितकं झिजावं तितकं चांगलं!" तर प्राध्यापकांनी मला महाबळेश्वरला नेलं, अर्थात शब्दांनी. तिथला पाऊस आपल्या सात-आठ पट. लाखो वर्षं धुतलं जाऊन दगडातलं चुन्याचं, पोटॅशचं, जे जे झाडाच्या उपयोगाचं ते सगळं वाहून गेलं, आणि मागे राहिलं प्रामुख्यानं लोखंड आणि ॲल्युमिनियम. तो जांभा दगड. उघड्यावर पडून वाळला की परत असा कडक होतो की कोकणात त्याचे चिरे कापून घरं बांधतात. मला आमच्या नात्यातल्या एक थोर आत्याबाई आठवल्या. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी झिजल्या, सगळं वाटून टाकलं, आणि शेवटी 'मी सगळ्यांसाठी झिजले' हा एवढा ताठाच शिल्लक राहिला. म्हणजे झिजणं चांगलं, पण झिजून जे झालं त्यातलं थोडं धरून ठेवणंही चांगलं. काळी माती नेमकं तेच करते. पाणी धरते, सत्त्व धरते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत ढासळते, पावसात फुगून परत वर येते. स्वतःच स्वतःला नांगरते. कारखान्याच्या फरशीला तिचा जो गुण सोसत नाही, तोच मामांच्या बाजरीला हवा होता.

हे सगळं व्हायला वेळ किती लागतो, हे विचारायची मी टाळाटाळ करत होतो. अखेर विचारलं. प्राध्यापक म्हणाले, "संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना म्हणते, दोन-तीन सेंटिमीटर माती व्हायला हजार वर्षंही लागू शकतात." आणि त्यांनी कार्ल्याच्या लेण्याची आठवण दिली. दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली अक्षरं आडोशाला आहेत म्हणून आजही वाचता येतात. आपल्या दगडाला घाई ठाऊकच नाही.

घरी येऊन मी कागद घेतला. कारखान्यात आयुष्यभर कॉस्टिंग केलं, ती खोड जात नाही. माझा बागेचा तुकडा वीस फूट बाय दहा फूट, म्हणजे २०० चौरस फूट. त्यावर एक ब्रास पसरली की अर्धा फूट, म्हणजे १५ सेंटिमीटरचा थर. हजार वर्षांना अडीच सेंटिमीटर धरले तर सहा हजार वर्षं. २३०० भागिले ६०००. वर्षाला अडतीस पैसे.

पाऊस, ऊन, दगडफूल, गवताची मुळं, मुंग्या, गांडुळं एवढ्या कामगारांची वर्षाची एकूण मजुरी अडतीस पैसे! ह्यांनी कधी गेटसभा घेतली नाही, बोनस मागितला नाही. आणि त्यातही मी वर्षाला सव्वातीन पैसे कापून घेतले होते. शिरूरजवळच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ ह्या काळात उत्खनन करून सुमारे ३६०० वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती शोधून काढली. ती माणसं नांदत होती तेव्हा माझी ट्रॉली अजून अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. प्राध्यापकांना हिशेब दाखवला तर म्हणाले, "ह्याला शास्त्र म्हणत नाहीत. तुमच्या मामांच्या वावरातली काही माती डोंगरावरून वाहत येऊनही साचलेली असेल." असेल. शास्त्राला कमी पडला तरी लाज वाटायला तो हिशेब पुरेसा होता.

लाज वाटली की मध्यमवर्गीय माणूस पैसे द्यायला बघतो. दोनशे रुपये परत करावेत असं मी ठरवलं. पण कोणाला? ठेकेदाराला दिले तर तो मला वेडा समजून पुढच्या वेळी तीन हजार सांगेल. सरकारला? माती, मुरूम ही कायद्यानं गौण खनिजं आहेत आणि त्यांवर सरकार पैसे घेतं. त्या पैशांना शब्द मोठा छान आहे : स्वामित्वधन. म्हणजे मालकाला द्यायचा पैसा. पण मालक कोण? मामा म्हणाले माझ्या वावरातली. ठेकेदार म्हणाला माझ्या ट्रॉलीतली. सरकार म्हणालं माझ्या कायद्यातली. मी म्हणालो माझ्या बागेतली, पावती आहे. आणि ज्यांनी सहा हजार वर्षं ती केली त्यांच्यापैकी कोणाचं नाव सात-बाऱ्यावर नव्हतं. जी वस्तू कोणा माणसानं केली नाही, तिची किंमत माणसामाणसांनी आपसांत ठरवावी, हे कायद्यात बसतं. न्यायात बसतं का? मी सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "आधी तो ढीग पसरा. लोक अडखळतायत."

ढीग पसरला. मामांनी सांगितल्याप्रमाणे खत आणि मुरूम मिसळला. आणि जूनच्या पहिल्या वळवात मी खिडकीतून बघतो तो काय, बागेतून गढूळ पाण्याचा ओघळ निघून फाटकाखालून गटारात चाललेला! आमचा प्लॉट उताराचा. दिघीच्या ह्या अंगाचं पाणी इंद्रायणीला जातं, इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा जाते पंढरपूरला. माऊलींची पालखी ज्या गावाला चालत जाते त्याच गावाला माझी माती विनातिकीट निघाली होती. १९८० साली पुरं झालेलं उजनी धरण वाटेत आहे, तिथे तिला मुक्काम पडला असता इतकंच. एरवी मी वारीच्या आड आलो नसतो. पण सहा हजार वर्षं एका वळवात चालली होती. छत्री विसरून मी बाहेर धावलो आणि हातांनी बांध घालायला लागलो.

शेजारच्या गच्चीवरून सुभेदारांनी बघितलं. ते रेनकोट घालून आले, मला म्हणाले, "बाजूला व्हा," आणि कुंपणाकडेला पडलेले दगड आणून एका तासात उताराला आडवी अशी सुरेख ताल रचली की प्राध्यापकसुद्धा दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं तिच्यासमोर थांबले. ज्या माणसानं हयातभर दगड फोडले त्यानं म्हातारपणी दगडावर दगड ठेवला. पाणी तालीपाशी थबकलं, माती खाली बसली, आणि ओघळ निवळ होऊन बाहेर पडला. आपण माती करू शकत नाही. जाऊ न देणं एवढंच आपल्या हातात आहे, हे मला त्या वेळी भिजलेल्या अवस्थेत कळलं.

त्यानंतर आमच्या घरातून पाला जाळणं बंद झालं. भाजीची देठं, चहाचा चोथा बागेत जातो. पुढच्या पावसाळ्यात गांडुळं दिसली. चार्ल्स डार्विननं उतारवयात, १८८१ साली, गांडुळांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांना ऐकू येतं का हे बघायला त्यानं बायकोला पियानो आणि मुलाला बासून नावाचा भोंगा वाजवायला लावला होता. गांडुळांनी दाद दिली नाही. मीही सौ.ला पेटी काढ म्हणालो. तिनंही दिली नाही.

आणि पुढच्या वर्षी पालखी आळंदीहून पुण्याला निघाली त्या सकाळी मामा आले. दिंडीतून बाजूला होऊन, गळ्यात टाळ, कपाळाला बुक्का. पत्ता लक्षात ठेवला होता. चहाआधी बागेत गेले. मेथी उतरली होती, जास्वंदीवर सात फुलं होती. त्यांनी वहाण काढून अनवाणी पायानं माती दाबून बघितली, तालीकडे बघितलं.

"बरी नांदती," म्हणाले.

मी घरात जाऊन दोनशे रुपये घेऊन आलो. "मामा, हे तुमचे राहिले होते."

"कशाचे?"

"मातीचे. मी भाव पाडला होता."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मला कशाला? ती काय म्या केली व्हती?" मग पायाखालच्या मुरमाकडे बघून म्हणाले, "ह्याची बी हुईल की माती."

"कधी?"

"हुईल. घाई काय हाय?" आणि सौ.नं दिलेली मेथीची जुडी पडशीत घालून ते दिंडी गाठायला गेले.

त्या दोनशे रुपयांचं मी शेणखत आणलं. खतवाल्यानं भाव सांगितला, मी निमूटपणे पैसे दिले. त्यानं नोटा उजेडात धरून पाहिल्या, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि काळजीनं विचारलं, "साहेब, तब्येत बरी आहे ना?"